नाण्यांच्या लिलावात बोली लावताना मन कसं सांभाळायचं

नाण्यांच्या लिलावात ताशी साधारण शंभर लॉट, म्हणजे एका क्रमांकाखाली बोलीला येणारी नाणी, निघतात. म्हणजे एका नाण्याच्या वाट्याला ३६ सेकंद. त्यातले काही सेकंद लॉटचा क्रमांक पुकारण्यात जातात, काही शेवटच्या ‘एकवार, दोनवार’मध्ये. मधल्या वीसेक सेकंदांत १०,००० चे २५,००० होतात, आणि घरून कॅटलॉगवर पेन्सिलीने १५,००० लिहून आणलेल्या माणसाचाच हात २५ ला वर असतो. हे फक्त नवख्यांचं होतं असं नाही. वर्षानुवर्षं शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, जमवणारी, डोळा तयार असलेली माणसंही इथे घसरतात. वीस सेकंदांत भाव ठरवता येत नाही. आधी ठरवून आणलेला भाव तेवढा पाळता येतो. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

उदाहरणं ब्रिटिशकालीन रुपये आणि शिवराई यांची घेतली आहेत, कारण मराठी संग्राहकांचा सगळ्यात जास्त पैसा आणि जीव याच दोन ठिकाणी गुंतलेला असतो. मुंबई, बंगळूर, अहमदाबाद इथल्या लिलावांत दोन्ही नियमित येतात. नोटा, तिकिटं, पदकं घेणाऱ्यांनाही यातलं बहुतेक जसंच्या तसं लागू पडेल.

मन नेमकं कुठे घसरतं

पहिली घसरण ताब्याची. तुमची बोली सगळ्यात वर आहे आणि लिलावदार खोलीत नजर फिरवतोय, त्या चार-पाच सेकंदांत नाणं मनाने तुमचं झालेलं असतं. मग दुसऱ्याचा हात वर गेला की त्याने आपल्या खिशात हात घातल्यासारखं वाटतं. काह्नमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रयोगांत साधे कॉफीचे मग काही विद्यार्थ्यांना देऊन टाकले होते. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी विकायला मागितलेली किंमत, घेणारे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. लिलावात तर नाणं हातात आलेलंही नसतं, नुसता भास असतो. तरी परिणाम तोच.

दुसरी घसरण हरण्याच्या भीतीची. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रणावरच्या एका अभ्यासात लिलावातली हार लॉटरीतल्या हारेपेक्षा जास्त झोंबते असं दिसलं, आणि ज्यांना ती जास्त झोंबली त्यांनी जास्त चढ्या बोल्या लावल्या. त्याच अभ्यासात एका गटाला ‘हे बक्षीस आधी तुमचं आहे, हरलात तर जाईल’ असं सांगितलं होतं, दुसऱ्याला ‘जिंकलात तर मिळेल’. रक्कम सारखीच होती, तरी पहिल्या गटाच्या बोल्या वर गेल्या. म्हणून ‘हा लॉट माझाच आहे’ हे वाक्य लिलावाच्या आधी मित्रांत बोलणंसुद्धा महागात पडतं.

तिसरी घसरण अंदाजाची आहे, आणि ती सगळ्यात कमी लक्षात येते. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल कंपनीतल्या तंत्रज्ञांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या बोल्यांबद्दल एक गोष्ट मांडली: अनेकांनी एकाच वस्तूचा अंदाज बांधला की बोली जिंकतो तो सगळ्यात फुगलेला अंदाज बांधणारा. नाण्यात याचा अर्थ असा की सहा जणांनी एक रुपया पाहिला, पाच जणांना तो ‘व्हेरी फाइन’ वाटला आणि तुम्हाला ‘एक्स्ट्रा फाइन’, म्हणजे त्याहून कमी झिजलेला, वरच्या दर्जाचा. लॉट तुम्हालाच मिळणार, आणि बहुधा त्या पाच जणांचं बरोबर असणार. जिंकल्यावर वाटणारी ती हलकी अस्वस्थता बऱ्याचदा याचीच असते.

पाहणी: आधी दोष, मग दर्जा, शेवटी भाव

लिलावाआधी नाणी हातात घेऊन पाहता येतात. त्या पाहणीला जाताना दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा आणि व्यास मोजायचा कॅलिपर न्या. काटा वापरायची परवानगी आधी विचारा. नाणं हातात घेतलं की ओढ वाढते, आणि ओढ वाढली की दोष दिसेनासे होतात. म्हणून वहीत लिहायचा क्रम बदलायचा नाही. पहिल्या ओळीत फक्त दोष. दुसऱ्या ओळीत तुम्ही दिलेला दर्जा, कॅटलॉगमधला नव्हे. भाव त्या दिवशी लिहूच नका, घरी येऊन लिहा.

ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, सुमारे ३०.५ मिलिमीटर व्यासाचा. झिजलेला असेल तर वजन थोडं उतरतं. पण झीज दिसत नाही आणि वजन मात्र बरंच कमी आहे, तर तिथेच थांबा. रुपया बोटांत कडेने धरा, दिव्याखाली हळूहळू तिरका करा. पुसलेल्या नाण्यावर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा उजळतात. फोटोत त्या येत नाहीत, कारण फोटो सरळ वरून काढलेला असतो. मग कडा फिरवून पाहा. आपल्याकडे रुपयांना कान लावून माळेत ओवायची पद्धत होती. कान काढून घासलेली जागा बहुधा राजाच्या डोक्याच्या बरोबर वर सापडते. तिथल्या कडेच्या बारीक उभ्या दातेरी रेषा बोथट होतात किंवा अर्धा सेंटिमीटर गायब असतात. कॅटलॉगमध्ये कडेचा फोटो क्वचितच असतो. अशा रुपयाला निर्दोष रुपयाचा भाव देणं हा पाहणीला न गेल्याचा दंड समजा.

१९३९ चा रुपया बोलीला निघाला की खोलीतली हवा बदलते, इतकं दुर्मिळ म्हणून त्याचं नाव झालं आहे. तिथे शेवटचा आकडा भिंगाखाली पाहिल्याशिवाय बोलीच लावू नका. १९३८ च्या अस्सल रुपयाचा आकडा कोरून बदलला असेल तर वजन आणि चांदी दोन्ही बरोबरच भरणार, काटा काही सांगणार नाही. आकड्याभोवतीचा सपाट भाग बाकीच्या पृष्ठभागापेक्षा खडबडीत किंवा वेगळ्या चकाकीचा आहे का, आकड्याची उंची शेजारच्या तीन आकड्यांएवढी आहे का, हे पाहायचं.

शिवराईची गोष्ट वेगळी. तांब्याची चकती बहुधा छापापेक्षा लहान असे, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि मागचं ‘छत्रपति’ एकाच नाण्यावर पूर्ण उतरलेलं फार कमी दिसतं. कुठे ‘श्री’ची वेलांटी कडेबाहेर गेलेली असते, कुठे ‘छ’ अर्धाच. भाव खरं तर या अक्षरांना असतो. पाहणीत कुठली अक्षरं पूर्ण, कुठली अर्धी, कुठली चकतीबाहेर, याचं पेन्सिलीने छोटं चित्र काढा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि लिलावात हात वर जायला लागला की तेच चित्र समोर धरायला उपयोगी पडतं. डोळा तयार करायचा असेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या अंजनेरीला नाणेसंशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. तिथे अर्धा दिवस काढून मगच पहिल्या मोठ्या लिलावाला जावं.

पाहणी शक्य नसेल तर कमाल बोलीतून सरळ वीस-पंचवीस टक्के वजा करा. न पाहिलेल्या दोषांची ती किंमत.

कमाल बोली कशी काढायची

त्याच जातीच्या, त्याच दर्जाच्या नाण्याचे मागचे किमान पाच विक्रीभाव गोळा करा. लिलावसंस्था निकालयाद्या प्रसिद्ध करतात. त्यातला आकडा नुसता हातोड्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा आहे की वरचं संस्थेचं कमिशन धरून आहे, ते आधी पाहा. दोन संस्थांच्या याद्यांत हा फरक असतो, आणि नकळत पंधरा टक्क्यांची चूक होते.

समजा पाच भाव असे आहेत: १४,०००, १६,५००, १७,०००, १८,००० आणि ३१,०००. सरासरी १९,३०० येते. ती धरू नका. मधला भाव १७,००० धरा. ३१,००० ला गेलेलं नाणं वेगळं नव्हतं. त्या दिवशी दोन माणसं एकमेकांना हटत नव्हती, एवढंच. पण स्मरणात तोच आकडा राहतो आणि लिलावात तोच आठवतो: ‘मागे ३१ ला गेलं होतं, मला २४ ला मिळतंय.’ तो आकडा यादीत खोडून टाका, शब्दशः रेघ मारून.

आता स्वतःला विचारा, हे नाणं गेल्या पाच वर्षांत मला लिलावांत किती वेळा दिसलं? हारेची भीती मोजायचं यापेक्षा चांगलं माप नाही.

१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या अंगावरच्या माळेतल्या हत्तीची सोंड आखूड झाली, तो डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांनी आक्षेप घेतला, नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट घडवला गेला. गोष्ट इतकी रंगतदार आहे की नवा संग्राहक हा रुपया हातचा जाऊ नये म्हणून जिवाचं रान करतो. पण तो रुपया मोठ्या लिलावांत सतत येतो. या वेळी गेला तर काही महिन्यांत पुन्हा येईल, कदाचित याहून बऱ्या अवस्थेत. म्हणून पाच वर्षांत पाचाहून जास्त वेळा दिसलेल्या नाण्याला मधल्या भावाच्या वर एक पैसा नाही. दोन ते चार वेळा दिसलं असेल तर दहा-पंधरा टक्के वर. एकदाच किंवा कधीच दिसलं नसेल, जसं वेगळ्या अक्षरवळणाची पूर्ण मजकुराची शिवराई, तर तीस टक्के वर जायला हरकत नाही, आणि ते शांतपणे द्यावेत. दुर्मिळ नाण्यासाठी जास्त मोजणं हा अविचार नाही. सतत येणाऱ्या नाण्यासाठी दुर्मिळतेचा भाव मोजणं मात्र महागात पडतं.

याला एकच अपवाद. सोन्याचा शिवराई होन कमी भावात पुढे आला तर टक्केवारीचा हिशेब करू नका. त्याच्या नकला इतक्या आहेत की अस्सलपणाचा पक्का पुरावा आणि तज्ज्ञाचं मत हातात नसताना कमाल बोली शून्य.

मग सगळा खर्च धरून उलटा हिशेब करा. समजा एका नाण्यावर घरातून एकूण ३०,००० जाऊ द्यायचे आहेत. संस्थेचं कमिशन १२ टक्के, त्या बेरजेवर कर ५ टक्के, टपाल ३०० असं धरू. खरे दर त्या त्या कॅटलॉगच्या नियमांत असतात आणि ते बदलतात, तेव्हा तिथून घ्या. १.१२ गुणिले १.०५ म्हणजे १.१७६. ३०,००० मधून टपाल वजा करून १.१७६ ने भागलं की २५,२५५ येतात. बोलीची पायरी हजाराची असेल तर कमाल बोली २५,०००. त्या भावाला नाणं पडलं तर खिशातून २९,७०० जातील, २६,००० ला पडलं तर ३०,८७६. ‘अजून एकच हजार’ म्हणून चढलेली प्रत्येक पायरी खरं तर ११७६ ची असते, हे वहीच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहा.

आता एक बारकावा, ज्याने भलेभले गोंधळतात. पायऱ्या आलटूनपालटून पडतात. तुमची कमाल २५,०००, पण २४,००० तुम्ही पुकारले आणि २५,००० समोरच्याने. आता तुमच्या पाळीला २६,००० येतात. तुमच्याच आकड्याला नाणं दुसऱ्याच्या हाती जातंय, हा अन्याय वाटतो, आणि तिथेच शिस्त मोडते. एकदा मोडली की २८,००० लाही काही वाटत नाही. म्हणून याचा निर्णय घरीच करून ठेवा. आकड्यापुढे अधिकाचं चिन्ह काढलं तर कमालीचा आकडा समोरच्याने पुकारल्यास एक पायरी वर जायची मुभा, फुली मारली तर नाही. मुभा द्यायचीच असेल तर मूळ कमाल एक पायरी खाली धरून द्या, म्हणजे एकूण ३०,००० चा हिशेब बिघडत नाही.

एकेका नाण्याइतकाच अख्ख्या दिवसाचा आकडाही ठरलेला हवा. लॉट तीन गटांत वाटा: ‘अ’ ज्यासाठी आलात, ‘ब’ मिळालं तर चांगलं, ‘क’ फक्त ‘अ’ हुकलं तर. ‘अ’ हातातून गेलं की मोकळे झालेले पंचवीस हजार हाताला खाज आणतात. न पाहिलेल्या, यादीत नसलेल्या लॉटवर ते उडतात, आणि संग्रहातली सगळ्यात नको असलेली नाणी अशीच घरी आलेली असतात. नियम साधा ठेवा: यादीत नाही त्यावर बोली नाही. हा एकूण आकडा घरात जोडीदाराला आधी सांगून ठेवा. सांगितलेला आकडा मोडणं मनातला आकडा मोडण्यापेक्षा फार अवघड असतं.

लिलावाच्या खोलीत

जेवून जा. उपाशीपोटी आणि चार कप चहावर हात लवकर वर जातो. तुमच्या पहिल्या लॉटच्या तीसेक लॉट आधी पोहोचा, म्हणजे लिलावदाराचा वेग कानाला सवयीचा होतो. त्या दिवशी सगळेच भाव चढे जाताना दिसले तर स्वतःची कमाल वाढवू नका. दोन-तीन दांडगे खरेदीदार आले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

खोलीच्या पुढच्या एक तृतीयांश भागात बसा. मागे बसून कोण बोली लावतंय हे पाहण्याची हौस सगळ्यांना असते, पण प्रतिस्पर्धी दिसला की नाणं बाजूला राहतं आणि माणूस समोर येतो. ज्याच्याशी कधी तरी खटका उडालाय त्याचा हात दिसला की भाव चढतो. एखादा नावाजलेला व्यापारी दिसला की ‘त्याला काही तरी ठाऊक असणार’ असं वाटतं. व्यापारी स्वतःसाठी घेत असेल तर विकून नफा राहील तिथपर्यंतच येतो. तो थांबल्यावरही दोन संग्राहक भिडलेलेच असतील, तर भाव बाजाराच्या वर गेला असं समजा.

प्रत्येक बोलीनंतर पॅडल, म्हणजे बोलीसाठी वर करायची क्रमांकाची पाटी, मांडीवर पालथं ठेवा. हात वर ठेवूनच बसणारा माणूस दर पायरीला नव्याने ठरवत नाही, वाहत जातो. पॅडल खाली ठेवलं की पुन्हा उचलायला एक कृती लागते, आणि त्या सेकंदभरात वहीतला आकडा दिसतो. श्वास सोडताना लांब सोडा. कानशिलं तापली, हाताला घाम आला, आवाज लांबून येतोय असं वाटलं, तर ती पायरी जाऊ द्या. चांगला लिलावदार नजर परत तुमच्याकडे आणतोच.

कमाल ओलांडली की मान स्पष्ट नकारार्थी हलवा, कॅटलॉगवर पडलेला भाव, म्हणजे ज्याला हातोडा पडला तो, लिहा आणि पान उलटा. लिलावदार तरीही थांबेल, तुमच्याकडे पाहील, ‘एक आणखी, साहेब?’ म्हणेल. ती तीन-चार सेकंदांची शांतता हे त्याचं कसब आहे. तो विकणाऱ्याच्या वतीने उभा आहे आणि त्यात वाईट काही नाही. तुम्ही उत्तर आधीच दिलेलं आहे, पुन्हा द्यायची गरज नाही.

कोणी १२,००० वरून एकदम १८,००० पुकारले तर दचकायला होतं. उडी मारणाऱ्याचा हेतूच तो असतो. वहीत पाहा: तुमची कमाल २५ असेल तर १९ पुकारा, १७ असेल तर पान उलटा. आकडा कसा आला याने काही बदलत नाही.

लागोपाठ दोन हवी असलेली नाणी थोडक्यात हुकली, तर पुढचे दहा लॉट खोलीबाहेर काढा. तिसऱ्या लॉटवर वचपा काढायची जी ऊर्मी येते, तिचा त्या नाण्याशी काही संबंध नसतो. सोबत मित्र असेल तर पॅडल त्याच्या हातात द्या, आणि त्याला फक्त तुमची वही पाळायला सांगा.

लेखी बोली आणि स्क्रीनवरची बोली

ज्यांचा हात आवरत नाही त्यांच्यासाठी बुक बिड हा सगळ्यात चांगला उपाय. कमाल आकडा आधी लिहून द्यायचा, संस्था गरजेपुरतीच बोली चढवते. तुमचे २५,००० असतील आणि बाकी सगळे २१,००० ला थांबले, तर नाणं २२,००० ला तुमचं. टपाली तिकिटांच्या लिलावांत ही रीत एकोणिसाव्या शतकापासून होती. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवून दिलं की जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढा भाव द्यायचा असेल, तर मनातला खरा आकडा लिहिणं हेच शहाणपणाचं ठरतं. कमी लिहून ‘बघू, लागलं तर वाढवू’ म्हणण्याने काही वाचत नाही, उलट पुन्हा उत्तेजनेत निर्णय घ्यायची वेळ येते. दोन लेखी बोल्या सारख्या निघाल्या तर सहसा आधी आलेली धरतात, तेव्हा लवकर पाठवा. आणि एकदा पाठवल्यावर लिलाव थेट बघत बसू नका. पाहणारा माणूस हमखास फोन उचलतो.

मोबाइलवरून थेट बोली लावणार असाल तर चित्र आणि आवाज काही सेकंद मागे असतात, हे धरून चाला. बटणावर २४,००० दिसत असतं, बोट टेकेपर्यंत तिथे २५,००० झालेले असू शकतात आणि तीच तुमची बोली नोंदली जाऊ शकते. म्हणून कमालीच्या एक पायरी आधीच बोट बाजूला घ्या. वेळेवर बंद होणाऱ्या ऑनलाइन लिलावांत शेवटच्या क्षणी बोली आली की बहुतेक ठिकाणी वेळ वाढतो. रात्री ११ ला संपणारा लॉट पावणेबारापर्यंत ताणला जातो, आणि दमलेल्या मनाने लावलेल्या बोल्या सगळ्यात महाग पडतात. तिथे कमाल आकडा एकदाच भरा, सूचना बंद करा आणि झोपा.

संशय आणि कायदा

‘समोर खरंच कोणी आहे की भाव चढवतायत?’ हा संशय लिलावात फार जाळतो. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम ६४ म्हणूनच माहीत असावं. प्रत्येक लॉटचा करार स्वतंत्र असतो. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, म्हणजे चुकून हात वर गेला तर लगेच, मोठ्याने सांगा. विकणाऱ्याला स्वतः बोली लावायचा हक्क राखायचा असेल तर तसं आधी जाहीर करावं लागतं. न सांगता त्याने किंवा त्याच्या माणसाने बोली लावली तर घेणारा ती विक्री फसवणुकीची मानू शकतो, आणि खोट्या बोलीने भाव चढवला असेल तर विक्री रद्द करायचा पर्याय त्याच्याकडे असतो. कॅटलॉगमधले नियम या नजरेने वाचा. पुरावा मिळवणं मात्र कठीण. व्यवहारात खरा बचाव तुमची कमाल बोलीच करते: ती बाजारभावावर बेतलेली असेल तर समोर कोण होतं याने नुकसान होत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतून किंवा दुबईतून मुंबईच्या लिलावात शिवराई घेतलीत तर ती भारतातच ठेवावी लागेल. ठेवणार कुठे, कोणाकडे, हे बोलीआधी ठरवा. जिंकल्यावर हे कळणं हा फार मोठा हिरमोड असतो.

जिंकल्यानंतर

पहिल्या रात्री आनंद, दुसऱ्या सकाळी धाकधूक. हा क्रम इतका नेहमीचा आहे की धाकधुकीवरून खरेदी चुकली असा निष्कर्ष काढू नका. पाहणीची वही उघडा. पडलेला भाव कमालीच्या आत असेल तर विषय संपला. वर असेल तर किती वर, ते लिहून ठेवा. पुढच्या लिलावाच्या एकूण आकड्यातून तेवढी रक्कम वजा करा.

पाकीट उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा. वजन, व्यास, कडा आणि पाहणीतलं चित्र ताडून पाहा. तक्रारीची मुदत बहुतेक संस्थांच्या नियमांत थोडी असते, आणि शंका असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा. ओशाळून गप्प बसणारे लोक इथेच पैसे गमावतात.

नाणं ‘अजून उठून दिसावं’ म्हणून चिंच, पितांबरी, टूथपेस्ट यांच्या जवळही नेऊ नका. चांदीवरची करडी-निळसर झाक शंभर वर्षांत येते आणि दोन मिनिटांत जाते, तिच्याबरोबर भावही जातो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून काही वर्षांत हिरवट चिकट थर सुटतो, तेव्हा नाणं कडक पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी असू द्या आणि ती अधूनमधून बदला.

वर्षानुवर्षं शोधलेलं नाणं हाती आलं की आनंदाऐवजी एक रितेपण येतं. मालिका पूर्ण झाली, आता पुढे काय? या काळात नवीन मालिका सुरू करू नका, निदान दोन लिलाव तरी. उतरलेलं मन भरून काढायला केलेली खरेदी सहसा ओळख नसलेल्या विषयातली असते, आणि ओळख नसलेल्या विषयातच खोटी नाणी गळ्यात पडतात.

हरल्यानंतर

हुकलेला लॉट डोळ्यांपुढून हलत नाही, तो आठवडा कठीण जातो. त्या दिवसांत कोणी ‘तेच नाणं मिळवून देतो’ म्हणत फोन केला तर लगेच हो म्हणू नका. हरलेल्याची ओढ किती आहे हे विकणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं, आणि पडलेल्या भावावर तीस-चाळीस टक्के चढवून देकार येतो. एक आठवडा थांबा, मग स्वतःची जुनी कमाल बोली सांगा, तीच.

न विकल्या गेलेल्या लॉटची यादी मागवा. बऱ्याच संस्था लिलावानंतर ते लॉट सुरुवातीच्या भावाला देतात. तिथे समोर कोणी नसतं, छत्तीस सेकंद नसतात, नाणं पुन्हा पाहता येतं. गाजलेल्या लॉटमागे सगळी खोली धावत असताना दोन-चार चांगल्या शिवराया अशा पडून राहतात.

हुकलेल्या नाण्यासमोर वहीत तीन आकडे लिहा: तुमची कमाल, पडलेला भाव, तारीख. वर्षाअखेरीला ही पानं चाळा. बहुतेक लॉट कमालीच्या दहा टक्क्यांच्या आत हुकले असतील तर तुमचे अंदाज बरोबर आहेत, नुसता धीर धरायचा. पडलेले भाव दरवेळी तुमच्या दीडपट-दुप्पट असतील तर बाजार पुढे गेला आहे आणि तुमची विक्रीयादी जुनी आहे. नवे पाच भाव गोळा करून मधला भाव पुन्हा काढा. आणि एकही लॉट हुकला नसेल, सगळेच मिळाले असतील, तर पुढच्या पाहणीला दर्जा द्यायचं काम दुसऱ्या जाणकाराकडून एकदा तपासून घ्या.